पंधराव्या दिवसाचं दान

एक दाता पहिल्या दिवशी ४ द्रम्म दान करतो आणि पुढे रोज ५ द्रम्म वाढवत जातो. पक्षभरात, म्हणजे १५ दिवसांत, त्याने एकूण किती दिले? भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त घातलेलं हे गणित. त्यांची रीत अशी, की एकूण दानाआधी शेवटच्या दिवसाचं दान काढायचं.

दिवसांच्या संख्येतून एक वजा करा, उरेल त्याला रोजच्या वाढीने, म्हणजे ‘चया’ने गुणा आणि पहिल्या दिवसाचं दान मिळवा. १४ गुणिले ५ म्हणजे ७०, त्यात ४ मिळवले की ७४. ४, ९, १४, १९ अशी रांग मांडत बसायला नको. हजाराव्या दिवसाचं दानही तितक्याच सहज निघतं : ४,९९९.

दहावीच्या वर्गात अंकगणिती श्रेढी शिकताना मुलं अडखळतात ती या ‘एक वजा’पाशी. १५ दिवस आहेत, तर १५ वेळा वाढ का नाही? कारण पहिल्या दिवशी वाढ झालेलीच नसते. ती दुसऱ्या दिवशी सुरू होते. एवढं मनात बसलं की सूत्र पाठ करावं लागत नाही, आणि ते उलटंही फिरवता येतं. हा दाता कधी नेमके ५०० द्रम्म देईल का? ५०० वजा ४ म्हणजे ४९६. त्याला ५ने पूर्ण भाग जात नाही, म्हणजे कधीच नाही. ४९९ मात्र देईल, शंभराव्या दिवशी.

एकूण दानाची किल्लीही शेवटच्या पदातच आहे. ४ आणि ७४ यांची सरासरी ३९. तिला १५ने गुणलं की ५८५ द्रम्म.

याच प्रकरणातलं मला सर्वांत आवडणारं गणित एका राजाचं. शत्रूचे हत्ती पकडून आणायला तो निघतो. पहिल्या दिवशी २ योजनं चालतो, मग रोज सारखीच वाढ करत सातव्या दिवशी ८० योजनांवरचं नगर गाठतो. इथे चयच माहीत नाही. दिवसाची सरासरी ८० भागिले ७. ती चौथ्या, म्हणजे मधल्या दिवसाची चाल. तिथवर वाढ झाली तीनदा. सरासरीतून २ वजा करून ३ने भागलं की चय मिळतो : २२ सप्तमांश योजन. मग सातव्या दिवसाची चाल १४६ सप्तमांश, म्हणजे जवळजवळ २१ योजनं.