कारागीर का सोडून जातो?

ईदच्या मालाची ऑर्डर हातात आली आणि नेमक्या त्याच आठवड्यात हुशार कारागीर दुसऱ्याच्या कारखान्यात गेला, ही तक्रार शिलाई, फर्निचर, बेकरी, यंत्रमाग अशा सर्वच धंद्यांत ऐकू येते. 'हल्ली माणसे टिकत नाहीत' एवढे बोलून मालक गप्प बसतो. परंतु माणूस का गेला आणि त्याच्या जाण्याने किती रुपयांचे नुकसान झाले, याचा हिशोब क्वचितच कोणी मांडतो. तो एकदा मांडून पाहिला पाहिजे.

बदललेली परिस्थिती

पूर्वी कामाची जागा ओळखीने मिळे आणि ओळखीनेच टिकत असे. उस्तादाने शागिर्दाला शब्द टाकला की तो वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी राही. दुसऱ्या कारखान्यात काय दर चालतो, हेही त्याला लवकर कळत नसे. आज मोबाईलवर सुरतचा दर भिवंडीच्या कारागिराला त्याच संध्याकाळी कळतो. शिकलेल्या मुलांना दुकानातील नोकरी आणि घरपोच माल पोहोचवण्याचे काम, असे दुसरे मार्गही खुले झाले आहेत. २०२० सालच्या टाळेबंदीत भिवंडीतील परप्रांतीय कारागीर मोठ्या संख्येने गावी निघून गेले, तेव्हा माग होते आणि चालवणारे हात नव्हते. शिवाय साध्या मागांच्या जागी रॅपिअर माग बसवले की माणसे कमी लागतात, पण जी लागतात ती जाणकार लागतात. म्हणजे एकेका माणसाची किंमत वाढली आहे.

उचल देऊन माणूस टिकत नाही

माणूस टिकवण्याचा आपल्याकडील जुना उपाय म्हणजे उचल. लग्नासाठी, आजारपणासाठी दहा-वीस हजार रुपये द्यायचे आणि मजुरीतून कापून घ्यायचे. गरजेला मदत करणे चांगलेच आहे. पण उचलीच्या जोरावर माणूस बांधून ठेवता येईल, हा समज चुकीचा आहे. दुसरा मालक जास्त उचल देतो, कारागीर तिकडे जातो आणि पहिल्याचे पैसे बुडतात. कर्जापोटी कोणाला कामावर अडकवून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यान्वये गुन्हाही आहे. उचल द्यायची तर रक्कम, तारीख आणि दर आठवड्याची कपात दोघांच्या वहीत लिहावी. कायद्याप्रमाणे सर्व कपाती मिळून मजुरीच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत.

हिशोब स्वच्छ ठेवा

कारागीर जाण्याचे कारण बहुतेक वेळा केवळ कमी दर हे नसते. दर आधी सांगितलेला नसतो, नग मोजताना वाद होतो, खराब मालाची कपात मनाला येईल तशी होते आणि शनिवारचा हिशोब मंगळवारपर्यंत लांबतो. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण आपल्या घराघरांत माहीत आहे. ती गल्ल्यावरही दिसली पाहिजे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नवे कामगार कायदे लागू झाले. त्यांपैकी वेतनविषयक कायद्याप्रमाणे आठवड्याची मजुरी आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आणि महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. कामगार सोडून गेला किंवा त्याला काढले, तर त्याचा सर्व हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा लागतो. 'परत आलास तर बाकी देतो' असे म्हणून पैसे अडवण्याची पद्धत यापुढे महागात पडेल.

खर्च कशात जास्त?

समजा, बारा यंत्रांचा शिलाई कारखाना आहे. एक चांगला कारागीर १५,००० रुपये उचल अंगावर घेऊन निघून गेला. त्याच्या जागी माणूस मिळून त्याचा हात बसेपर्यंत वीस दिवस यंत्र बंद राहिले. एका यंत्रामागे दिवसाला ३०० रुपये सुटत असतील, तर ६,००० रुपये गेले. एकूण नुकसान २१,००० रुपये. उशिरा माल पोहोचल्याने व्यापारी नाराज झाला, ते वेगळेच.

आता दुसरी बाजू पाहा. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याला राज्य कामगार विमा योजना लागू होते. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार तीत येतो. मालकाने ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के भरायचे असतात. पगार १५,००० असेल तर मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे व कामगाराचे ११२ रुपये ५० पैसे होतात. मालकाचा वर्षाचा खर्च ५,८५० रुपये. त्याच्या बदल्यात कामगारासह त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात आणि आजारपणाच्या सुट्टीत कामगाराला रोख मदत मिळते. ज्याच्या आईचे औषधपाणी कामाच्या जागेमुळे चालते, तो थोड्याशा जास्त दरासाठी सहसा हलत नाही. वीस किंवा अधिक माणसे असतील तर भविष्यनिर्वाह निधीही बंधनकारक आहे. हा खर्च टाळण्यासाठी कागदावर माणसे कमी दाखवणारा मालक स्वतःच माणसांना बाहेरची वाट दाखवतो.

शागीर्द तयार करा

बाहेरून तयार माणूस ओढून आणण्यापेक्षा घरात माणूस घडवणे स्वस्त पडते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेलाही स्वेच्छेने उमेदवार घेता येतात. त्यांच्या विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देते. मात्र जुन्या काळाप्रमाणे लहान मुलाला कारखान्यात बसवू नये. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात कामाला ठेवण्यास बंदी आहे. कामाबरोबर त्याला मोजमाप, हिशोब आणि यंत्राची निगाही शिकवावी, म्हणजे पुढे तोच मास्टर होईल.

काम शोधणाऱ्याने काय पाहावे?

कारागीर बंधूंनीही केवळ दर विचारून काम धरू नये. मजुरी कोणत्या वारी मिळेल, नग नापास झाला तर किती कपात होईल, मंदीत काम किती दिवस मिळेल आणि विमा आहे का, या चार गोष्टी आधी विचाराव्यात. केलेल्या कामाची रोजची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी. भविष्यनिर्वाह निधीचा खातेक्रमांक जागा बदलली तरी तोच राहतो, म्हणून तो जपून ठेवावा. असंघटित कामगारांसाठी २०२१ साली सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीला पैसे लागत नाहीत, ती करून घ्यावी. आणि जागा सोडायचीच असेल, तर हातातील ऑर्डर पुरी करून, उचल फेडून, सांगून सोडावी. एकाच गावात, एकाच धंद्यात माणसाचे नाव त्याच्या आधी पोहोचते.

हे मालकालाही लागू आहे. कोणत्या कारखान्यात हिशोब वेळेवर होतो, हे चहाच्या टपरीवर सर्वांना माहीत असते. अशा कारखान्याला ईदच्या तोंडावर माणसे शोधत फिरावे लागत नाही. या आठवड्यात एवढेच करा: प्रत्येक कारागिराच्या नावाने एक वही घाला आणि पहिल्या पानावर त्याचा दर लिहा.