गोदामात पाणी शिरलं, आता क्लेमचं काय? कंपनीसाठी सॉफ्टवेअर घेताना हे पाहा

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा पुरात माल तर भिजतोच, पण तळमजल्यावरच्या बिलांच्या फायली आणि हिशेबाचा कॉम्प्युटरही जातो. विम्याचा क्लेम करायचा तर आत काय होतं, कितीचं होतं हे दाखवावं लागतं. आणि नेमका तोच पुरावा चिखलात असतो.

म्हणून बऱ्याच कंपन्या 'क्लेम मॅनेजमेंट सॉफ्टवेअर' शोधतात. पण इथे पहिला घोळ होतो.

या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. गाइडवायरचं क्लेमसेंटर हे विमा कंपन्यांसाठी आहे, म्हणजे क्लेम मंजूर करणाऱ्यांसाठी. तुमचा कारखाना किंवा गोदामं असतील तर तुम्ही क्लेम मागणारे आहात. तुम्हाला ओरिगामी रिस्क किंवा रिस्ककनेक्टच्या प्रकारातलं काहीतरी लागेल. डेमो बघण्याआधी हे विचारून घ्या, अर्धा वेळ वाचेल.

मग त्यात काय हवं?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मालमत्तेची नोंद. कोणतं मशीन कुठे आहे, कधी घेतलं, आजची किंमत किती आणि विमा कितीचा, हे एकाच ठिकाणी दिसायला हवं. कारण समजा, माल १ कोटीचा आहे आणि विमा ६० लाखांचाच काढलाय. नुकसान १० लाखांचं झालं, तर साधारण ६ लाखच हातात येतात. विमा जेवढा कमी, त्याच प्रमाणात भरपाईला कात्री. छोट्या उद्योगांच्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक माफ असतो, त्यापुढे नाही. हा फरक पुराआधी दाखवेल ते सॉफ्टवेअर कामाचं. पुरानंतर फक्त फॉर्म भरून देणारं सॉफ्टवेअर, खरं सांगायचं तर, महागडी फाईल आहे.

दुसरं, तारखांचं भान. इर्डाच्या २०२४च्या नियमांनुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर ७ दिवसांत विमा कंपनीने निर्णय द्यायचा. सर्व्हेअरने कोणता कागद कधी मागितला, तुम्ही कधी दिला, याची नोंद आपोआप राहिली तर उशीर कोणामुळे झाला यावर वाद घालत बसावं लागत नाही.

फोटोंवर तारीख, वेळ, ठिकाण हवं. नोंद नंतर बदलली तर कोणी बदलली तेही दिसायला हवं. सर्व्हरही तळमजल्यावर नको!

वर्षाला एखादाच क्लेम होत असेल तर? मग लाखभर रुपये घालू नका. क्लाउडवर ठेवलेली एक्सेल शीट, बिलांचे स्कॅन आणि दर सहा महिन्यांनी काढलेला गोदामाचा व्हिडिओ, एवढं पुरतं. पाच-सहा ठिकाणी शाखा असतील तर मात्र सॉफ्टवेअरचा विचार करा.

घेण्याआधी तुमचा एखादा जुना, अडकलेला क्लेम त्यात भरून बघा. विक्रेत्याने तयार केलेला नमुना नको. करार संपल्यावर सगळा डेटा एक्सेलमध्ये परत मिळेल, हे लेखी घ्या. आणि मोबाइलचं नेट बंद करून अ‍ॅप उघडून पाहा. पुरात वीज आणि नेटवर्क आधी जातं.