हातांनी मागितलेले पाणी

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे निघालेल्या माणसाला औष्णिक विद्युत केंद्राची उंच धुराडी बरीच आधी दिसू लागतात. 1970 पासून येथे वीजनिर्मिती चालू आहे आणि आज 210 मेगावॉटचे तीन संच येथे उभे आहेत. परंतु बाहेरून पाहणाऱ्याला ज्याची कल्पना येत नाही ती गोष्ट म्हणजे अशा केंद्राच्या आतला आवाज. टर्बाइनच्या दालनात शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते, आणि म्हणूनच वर क्रेन चालवणारा व खाली साखळ्या अडकवणारा यांचा सारा व्यवहार बोटांवर चालतो: तर्जनी वर रोखून लहानसे वर्तुळ काढले की उचल, खाली रोखून काढले की उतरव, पालथा तळहात आडवा हलवला की थांब. अशा कारखान्याच्या आश्रयाने वसलेल्या गावात कोणी सुचवले, की तान्ह्या मुलांना बोलता येण्यापूर्वी चार खुणा शिकवाव्यात, तर मुलाच्या बापाला त्यात फारसे नवल वाटू नये. नवल वाटेल ते बहुधा आजीला.

वास्तविक या विद्येची पहिली अध्यापिका आजीच असते. आठ-नऊ महिन्यांच्या नातवाचे दोन्ही हात जुळवून त्याला बाप्पाला ‘जय’ करायला लावणे, निघालेल्या पाहुण्याला हात हलवून निरोप देववणे, तळहातावर बोट टेकवून मोराला बोलावण्याचा खेळ खेळणे, हे सर्व शब्दांच्या आधीचे शिक्षण महाराष्ट्रातल्या घरोघरी रीतसर चालते. त्यात एक उणीव मात्र राहते. या खुणा शिष्टाचाराच्या आणि कौतुकाच्या आहेत; मुलाच्या गरजेची एकही खूण त्यांत नाही. देवाला नमस्कार करता येणाऱ्या मुलाला पाणी मागता येत नाही.

याचे कारण शरीराच्या घडणीत आहे. शब्द उच्चारण्यासाठी जीभ, ओठ, टाळू आणि श्वास यांचा जो मेळ बसावा लागतो तो बहुतेक मुलांच्या बाबतीत वर्षाच्या सुमारास बसू लागतो. समज मात्र त्याच्या कितीतरी आधी जागी झालेली असते आणि हातही तोवर बरेच आज्ञाधारक झालेले असतात. मधल्या काळात मुलाजवळ रडणे हा एकच छापील अर्ज असतो, आणि भूक, तहान, ओले दुपटे, दुखणारा कान अशा सर्व फिर्यादी त्याला त्याच नमुन्यावर दाखल कराव्या लागतात. पाणी, जेवण, आणखी, पुरे, शू, दुखते, एवढ्या अर्धा डझन खुणा आल्या तरी घरातली निम्मी तारांबळ थांबते.

शिकवण्याची पद्धत साधी, पण चिकाटीची आहे. मूल समोर, आपल्या चेहऱ्याकडे पाहत असताना, गरजेच्या नेमक्या क्षणी, शब्द उच्चारीतच खूण करावयाची. भांडे हातात घेऊन “पाणी हवं?” असे विचारायचे, त्याच वेळी अंगठा ओठांकडे न्यायचा, आणि मग पाणी द्यायचे, खूण केल्याशिवाय पाणी मिळणार नाही असा दंडक मात्र घालायचा नाही, कारण तहानलेल्या लेकराची परीक्षा घेणे हे अध्यापन नव्हे. दिवसातून जितक्या वेळा पाणी तितक्या वेळा खूण, आणि आई, बाप, आजी, पाळणाघरातली मावशी या सर्वांची खूण एकच. काही आठवडे मूल नुसते पाहते. मग एके दिवशी अंगठ्याऐवजी सगळी मूठच तोंडावर आपटते. ती त्याची बोबडी खूण होय. ती दुरुस्त करण्याची तसदी न घेता तत्काळ पाणी द्यावे.

विसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत या प्रकाराला मोठा बाजार लाभला. कॅलिफोर्नियातील लिंडा अॅक्रेडोलो आणि सुसान गुडविन या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. त्याचा आरंभ अॅक्रेडोलो यांच्या लहानग्या मुलीने फुलासाठी नाकाने हुंगण्याची खूण आपणहून योजल्यापासून झाला, हे मला त्या सर्व वाङ्मयातले सर्वांत विश्वसनीय वाटते. पुढे खुणा शिकलेले मूल लवकर बोलते, अधिक बुद्धिमान होते, असे दावे केले जाऊ लागले. 2013 साली हर्टफर्डशायर विद्यापीठातील एलिझाबेथ कर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस बालकांचा आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत मागोवा घेऊन जे प्रसिद्ध केले, त्यात खुणांमुळे भाषा लवकर आल्याचा पुरावा आढळला नाही. खुणा शिकवणाऱ्या माता मुलाच्या बारीकसारीक हालचालींकडे अधिक लक्ष देतात असे मात्र दिसले. मला हा लाभ थोडा वाटत नाही. खुणांमुळे बोलणे मागे पडते, ही आजीची धास्तीही या अभ्यासाने खरी ठरवली नाही.

खुणा कोणत्या शिकवाव्यात, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. चलचित्रांतून आपल्याकडे येतात त्या बहुशः अमेरिकन खुणा. त्या एकलहऱ्याच्या कर्णबधिर शेजाऱ्याला कळायच्या नाहीत. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषा आहे आणि तिचे व्याकरण स्वतंत्र आहे. प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या शेवटी येतो, आणि भुवया व चेहरा यांना तिथे स्वराचे काम करावे लागते. स्त्री दाखवण्यासाठी बोट नाकपुडीशी, जिथे चमकी असते तिथे, टेकते; पुरुष दाखवण्यासाठी मिशीकडे जाते. जेवण म्हणजे पाची बोटे जुळवून तोंडाशी नेलेला घास. ही भाषा घासाची आणि चमकीची, म्हणजे आपल्याच घरातली आहे. 28 सप्टेंबर 2015 रोजी दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तिचा चित्रफितींचा कोश तयार केला असून 2021 पर्यंत त्यात दहा हजार शब्द जमले. तो पाहायला पैसे पडत नाहीत. कोशाहून उत्तम शिक्षक म्हणजे अर्थातच ही भाषा रोज वापरणारी कर्णबधिर व्यक्ती, आणि अशा व्यक्तीला अंगणवाडीत मानाने आणि मानधनाने बोलवावे, अशी माझी सूचना आहे.

येथवर विचार ऐकू येणाऱ्या मुलांचा झाला, ज्यांच्यासाठी खुणा ही चार-सहा महिन्यांची सोय असते. कर्णबधिर मुलाची निकड निराळी आहे. अशी बहुतेक मुले ऐकणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात, आणि आईबापांना सांकेतिक भाषेचा गंधही नसतो. आईबापही कर्णबधिर असले तर मूल पाळण्यात हातांनी बडबडते, हे लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी 1991 साली दाखवून दिले. परंतु 1880 च्या मिलान परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणातून खुणांना हद्दपार करण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईत भारतातली पहिली कर्णबधिर शाळा निघाली, तेव्हापासून दीर्घकाळ आपल्याकडील शाळांवर त्याच मताचा अंमल राहिला. वर्गात ओठ वाचावयाचे आणि वसतिगृहात, शिक्षकांची पाठ वळली की, हातांनी मनसोक्त बोलायचे, असा मुलांचा दुहेरी संसार चाले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने संपर्काच्या साधनांत सांकेतिक भाषेची नोंद केली आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तिच्या प्रमाणीकरणाची भाषा केली. तरी मूल खुणा करू लागले तर बोलणार नाही, हा समज अनेक घरांत अजून जागचा हललेला नाही.

म्हणून खुणा शिकवणाऱ्या प्रत्येक घराने एक खातरजमा करून घ्यावी. मूल खुणा झपाट्याने उचलते, पण पाठीमागून हाक मारली तर मान वळवत नाही, ताट पडल्याच्या आवाजाने दचकत नाही, असे दिसले तर त्याच्या हुशारीचे कौतुक करीत न बसता कानांची तपासणी करवावी. झोपलेल्या बालकाचीही श्रवणक्षमता मोजणारी बेरा नावाची चाचणी आहे, तिला मुलाच्या उत्तराची गरज लागत नाही. दोष आढळल्यास श्रवणयंत्राची किंवा शस्त्रक्रियेची तजवीज जितकी लवकर तितकी बरी. आणि ती होईपर्यंतच्या महिन्यांत, व नंतरही, पाण्याची खूण चालू ठेवावी, कारण तहान तपासणीच्या तारखेसाठी थांबत नाही.