संन्यासी, शेती आणि शेजारधर्म

संन्यासी म्हटला की तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? भगवी वस्त्रे, हाती कमंडलू, आज या गावी तर उद्या त्या गावी. पण जगात असेही संन्यासी आहेत, जे एकदा एका जागी आले की मरेपर्यंत ती जागा सोडीत नाहीत आणि भिक्षा न मागता स्वतः जमीन कसून पोट भरतात. ख्रिस्ती धर्मातल्या कॅथलिक मठांत ही रीत सुमारे पंधराशे वर्षे चालत आली आहे. अशाच एका मठाची हकीगत आज तुम्हांला सांगायची आहे.

हा मठ आहे उत्तर आफ्रिकेतल्या अल्जेरिया देशात, ॲटलासच्या डोंगरात, मेदेआ शहराजवळच्या तिभिरीन गावी. तिकडच्या बर्बर भाषेत तिभिरीन म्हणजे बागा. गाव मुसलमान शेतकऱ्यांचे, मठ ख्रिस्ती, आणि दोघांच्या मध्ये भाजीपाल्याचे वाफे.

अवजारांचा मान

या मठांची घडी घालून दिली ती इटलीतल्या संत बेनेडिक्ट यांनी. सहाव्या शतकात त्यांनी मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. प्रार्थना, वाचन आणि हातांचे काम यांत दिवस वाटून द्यावा, हा तिचा गाभा. तीत एक नियम असा आहे की, मठातली अवजारे आणि सामानसुमान वेदीवरच्या पवित्र भांड्यांइतके जपावे. खंडेनवमीला आपण नांगर, विळे, खुरपी धुऊन-पुसून त्यांची पूजा करतो. या मठांत तो भाव बाराही महिने ठेवायचा.

दुसरा नियम, दारी आलेला पाहुणा देव मानावा. आणि मठात येणाऱ्याने शपथ घ्यायची, की मी ही जागा आणि ही माणसे सोडून जाणार नाही. ही शपथ ध्यानात ठेवा. पुढची सारी कथा तिच्याभोवतीच फिरते.

तिभिरीनचे संन्यासी त्रॅपिस्ट शाखेचे. ही शाखा फारच कडक. पहाटे चारच्या सुमारास, अंधारातच पहिली प्रार्थना. त्यानंतर दिवसभरात ठरलेल्या वेळी घंटा व्हायची आणि हातातले काम ठेवून सगळे प्रार्थनेला जमायचे. मधल्या वेळात शेत, स्वयंपाकघर, कपडे धुणे, डागडुजी. जेवण साधे, बोलणे कामापुरते, आणि रात्री लवकर निजणे. तुमच्या घरच्या दिनक्रमाशी ताडून पाहा. घंटेच्या जागी जनावरांचे हंबरणे ठेवले, तर फारसा फरक दिसायचा नाही.

जमीन गेली, शेजार आला

हे संन्यासी तिभिरीनला आले १९३८ साली. तेव्हा अल्जेरियावर फ्रेंचांचे राज्य होते आणि मठाची जमीनही मोठी होती. १९६२ साली देश स्वतंत्र झाला. बहुतेक फ्रेंच लोक निघून गेले. मठही बंद करण्याचे ठरले होते, पण अल्जिअर्सचे आर्चबिशप द्युव्हाल यांनी तो राहू द्यावा असा आग्रह धरला. पुढे मठाने बरीचशी जमीन सोडली आणि १२-१४ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने ३०-३५ एकर, एवढीच ठेवली.

जमीन कमी झाली आणि गावाशी नाते वाढले. गावातल्या काही कुटुंबांबरोबर संन्याशांनी भागीत बाग केली. सोबत राबायचे आणि येईल ते वाटून घ्यायचे. शेतीचे काम ब्रदर क्रिस्तोफ पाहत. ब्रदर पॉल मूळचे नळजोडणीचे कारागीर, त्यामुळे पाण्याची व्यवस्था त्यांच्याकडे आली. १९८८ साली गावाला नमाजासाठी जागा हवी होती, तेव्हा मठाने आपल्या आवारातली एक इमारत दिली. एकाच आवारातून अजानही ऐकू यायची आणि घंटाही.

मठात सर्वांत जास्त वर्दळ असे ती ब्रदर ल्यूक यांच्या दवाखान्यात. हे शिकलेले डॉक्टर. १९४६ साली तिभिरीनला आले आणि जवळपास पन्नास वर्षे आसपासच्या खेड्यांतल्या बायाबापड्यांना, लेकरांना पैसे न घेता औषध देत राहिले. मठाचा स्वयंपाकही तेच करीत.

१९८४ पासून मठाचे प्रमुख होते फादर क्रिस्तियान द शेर्जे. तरुणपणी स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ते फ्रेंच सैन्यात अधिकारी म्हणून अल्जेरियात होते. महंमद नावाचा एक खेडूत त्यांचा मित्र झाला. तो गावचा राखणदार, दहा लेकरांचा बाप. एकदा हल्ला झाला तेव्हा महंमदने मध्ये पडून त्यांना वाचवले. दुसऱ्या दिवशी महंमदचा खून झालेला आढळला, त्याच्याच विहिरीपाशी. ते ऋण क्रिस्तियान जन्मभर विसरले नाहीत. गावातल्या एका मित्राशी देवाधर्माच्या गोष्टी करायला बसण्याला ते दोघे आपली 'विहीर खोदणे' म्हणत. एकदा क्रिस्तियाननी गमतीने विचारले की, तळाला लागेल ते पाणी कुणाचे, मुसलमानांचे की ख्रिस्त्यांचे? मित्र म्हणाला, इतके दिवस सोबत चालूनही हे विचारतोस? तिथे देवाचेच पाणी लागणार.

जावे की राहावे?

१९९२ साली अल्जेरियातल्या निवडणुका मध्येच रद्द झाल्या आणि देशात यादवी पेटली. १९९३ च्या अखेरीस सशस्त्र गटांनी परदेशी माणसांना देश सोडण्याची मुदत दिली. १४ डिसेंबरला मठापासून थोड्याच अंतरावर बारा क्रोएशियन कामगारांचे गळे चिरले गेले. २४ डिसेंबरच्या रात्री, ऐन नाताळात, बंदुकधारी मठात शिरले. त्यांना डॉक्टर, औषधे आणि पैसा हवा होता. क्रिस्तियाननी सांगितले की, डॉक्टर म्हातारे आहेत, ते येणार नाहीत. दुखणेकरी दवाखान्यात आला तर इतरांसारखेच त्याला औषध मिळेल. आणि आज आमचा सण आहे. त्यांचा म्होरक्या त्या रात्री परत गेला.

मग मठात विचार सुरू झाला. मरण कुणाला हवे असते? काहींचे मत निघून जावे असे होते. त्यांनी पुनःपुन्हा बसून बोलणे केले, एकेकाने आपले मन मोकळे केले. आपण फांदीवरच्या पाखरांसारखे झालो आहोत, केव्हा उडू सांगता येत नाही, असे संन्यासी गावकऱ्यांजवळ बोलले. त्यावर गावातून उत्तर आले, की पाखरे आम्ही आहोत आणि फांदी तुम्ही. तुम्ही गेलात तर आम्ही बसायचे कुठे? संन्याशांना परदेशात आसरा होता, गावकऱ्यांना तो नव्हता. शेवटी सर्वांनी राहायचे ठरवले. सैन्याचा पहारा मठात ठेवण्यासही त्यांनी नकार दिला.

१९९६ सालच्या २६ मार्चच्या मध्यरात्रीनंतर बंदुकधारी पुन्हा आले आणि सात जणांना घेऊन गेले. त्यांत क्रिस्तियान, क्रिस्तोफ, पॉल आणि ८२ वर्षांचे ल्यूक होते. आमेदे आणि झाँ-पियेर हे दोघे तेवढे वाचले. ३० मे रोजी सात जणांची शिरे मेदेआजवळ सापडली. मारणारे नेमके कोण, याचा वाद अजून मिटलेला नाही. ४ जून रोजी मठाच्याच जमिनीत, गावकऱ्यांच्या साक्षीने त्यांना पुरण्यात आले. त्या यादवीत हजारो साधे अल्जेरियन मुसलमानही मारले गेले. हिंसेला होकार न देणारे इमामही त्यांत होते.

क्रिस्तियाननी आधीच एक पत्र लिहून ठेवले होते. आपल्याला मारणाऱ्याला त्यांनी त्यात अगोदरच क्षमा केली होती. आपल्या मरणाचा दोष सगळ्या अल्जेरियन लोकांवर किंवा त्यांच्या धर्मावर ठेवू नये, असेही बजावले होते. २०१८ साली ओरान शहरात या सातांसह एकूण १९ जणांना कॅथलिक धर्मसभेने 'धन्य' हा मान दिला.

बाग पडीक राहिली नाही

२००१ पासून झाँ-मारी लासॉस हे शेतीचे शिक्षण घेतलेले पाद्री तिथे येऊ लागले. आरंभी दर आठवड्याला ते अल्जिअर्सहून सैनिकांच्या पहाऱ्यात यायचे आणि गावच्या माणसांबरोबर बाग करायचे. छाटणी, पाणी, फळांचा मुरंबा, सगळी कामे पुन्हा सुरू झाली. ते पंधरा वर्षे राबले. २०१६ पासून दुसऱ्या एका ख्रिस्ती मंडळाने मठ सांभाळायला घेतला.

वाचकहो, बांधाला बांध लागून असला म्हणजे शेजार झाला असे आपण धरून चालतो. सुगीत सगळेच एकमेकांच्या खळ्यावर येतात. पाऊस दडी मारतो, घरात दुखणे येते, गावात दोन तट पडतात, तेव्हा बांधावर कोण उभे राहते ते पाहावे. तिभिरीनच्या सात जणांनी त्या गावात पाणी वाटून घेतले, भाजी वाटून घेतली, आणि वेळ आली तेव्हा भयही वाटून घेतले.