बाणाचे टोक : जुने, नवे आणि खोटे

काही वर्षांपूर्वी एका परिचित कुटुंबाने मला एक डबी दाखवली. मुलाने अमेरिकेतील रत्नांच्या प्रदर्शनातून आणलेले दगडी बाणाचे टोक तीत होते. रंग तांबूस, तळाशी दोन्ही बाजूंना खाच. तेथील आदिवासींचे, हजार वर्षांपूर्वीचे, असे विकणाऱ्याने सांगितले होते. मला तो दगड ओळखीचा वाटला. तो अकीक होता. बहुधा राजपिपळ्याच्या डोंगरातून खंभातला, तेथून समुद्रापार आणि पुन्हा आपल्या सुरतेत, असा त्याचा प्रवास झाला असावा.

स्तंभन पार्श्वनाथाच्या दर्शनाला खंभातला गेलात, तर अकीकाचे काम अवश्य पाहा. कारागीर जमिनीत लोखंडी सळई तिरपी रोवतो, तिच्या टोकाला दगड टेकवतो आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने वरून ठोका देतो. छिलका उडतो तो सळईच्या बाजूने. अशा हातांनी मणी घडतात, तशी परदेशी मागणीनुसार बाणाची टोकेही. यात लपवाछपवी काही नाही. नवा माल नवा म्हणूनच ठोक भावाने जातो.

मग जुने कसे ओळखावे? रोगी तपासताना आम्ही आधी हकीकत विचारतो, मग तपासणी करतो. येथेही तोच क्रम ठेवावा.

पहिला प्रश्न, वस्तू कोठे सापडली आणि सोबत काय होते? अकीक दख्खनच्या लाव्हाखडकातला, म्हणजे कोट्यवधी वर्षांचा; पण तो घडवला केव्हा, हे त्यावरून कळत नाही. कार्बन-१४ ची चाचणीही दगडाला लागू पडत नाही. त्याच थरातला कोळसा किंवा हाड काळ सांगते. उत्तर गुजरातेतील लांघणज येथे १९४० च्या दशकात हसमुख सांकलिया आणि इरावती कर्वे यांनी शोधकार्य केले. तेथे बारीक दगडी हत्यारांबरोबर मानवी सांगाडेही मिळाले, म्हणून त्या दगडांना माणसांचा संदर्भ लाभला. तेच दगड कोणी खिशात घालून नेले असते, तर ते केवळ खडे उरले असते.

दुसरा प्रश्न आकाराचा. आपल्याकडची सूक्ष्मास्त्रे बहुतेक तीन-चार सेंटीमीटरांच्या आतली असतात : चंद्रकोर, त्रिकोण, बारीक पाती. ती लाकडात किंवा हाडात ओळीने बसवून हत्यार होई. आपल्याच तापीच्या वरच्या अंगाला, खानदेशातील प्रकाशे येथे १९५४-५५ मध्ये उत्खनन झाले. त्या ताम्रपाषाण काळातही दगडी पातीच वापरात होती. म्हणून दोन्ही अंगांनी घडवलेले, खाचांचे, बोटभर लांब टोक कोणी ‘तापीकाठचे प्राचीन’ म्हणून पुढे केले, तर आपण थांबावे. तो घाट अमेरिकेतला आहे.

तिसरी पायरी भिंगाची. दहापट दाखवणारे भिंग पुरते. जुन्या दगडाच्या कडा आणि छिलक्यांमधले कंगोरे किंचित बोथटलेले असतात, आणि वरची मंद झाक साऱ्या व्रणांवर सारखी पसरलेली असते. नव्यात कंगोरे करकरीत असतात. खळग्यातली माती कोमट पाण्याने सहज निघाली, तर ती मुद्दाम लावलेली असू शकते. चुनखडीचा घट्ट थर इतक्या सहज निघत नाही. करवतीने कापलेला सपाट भाग किंवा भडक निळा-हिरवा रंग दिसला, तर संशय घ्यावाच. मात्र एका खुणेवर निदान करू नये. लोखंडाचा डाग सळईचा असेल, तसा नांगराच्या फाळाचाही असू शकतो. यंत्रात गोट्यांसारखे घोळवून नव्या कडाही बोथट करता येतात.

जाणकारही फसतात. इंग्लंडमध्ये ‘फ्लिंट जॅक’ म्हणून ओळखला जाणारा एडवर्ड सिम्पसन बनावट टोके विकून राहिला. १८६२ मध्ये लंडनला भूवैज्ञानिकांच्या सभेत त्याने ती सर्वांसमोर घडवून दाखवली.

शेतात असे काही दिसले, तर उचलू नका. शेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्या, जागा टिपून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू परदेशी पाठवण्यास खाजगी व्यक्तीला मनाई आहे, हे मुलांच्या सामानात भेट म्हणून काही ठेवताना लक्षात असावे.

एक गोष्ट डॉक्टर म्हणून सांगतो. अकीक घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या कामगारांत त्याचा अभ्यास केला आहे. पुष्कळदा तो क्षय समजला जातो. ते फुप्फुस पूर्ववत करणारे औषध कोणत्याही पॅथीत नाही, माझ्याही नाही. धूळ अडवणे, एवढाच उपाय. म्हणून ‘नकली’ हा शब्द त्या कारागिराच्या कामाला लावताना माझी जीभ अडखळते. दगड खोटा नव्हता, हातही खोटा नव्हता. खोटी होती ती वाटेत चिकटलेली चिठ्ठी.

त्या कुटुंबाला मी एवढेच म्हणालो. डबी अजून त्यांच्या दिवाणखान्यात आहे. चिठ्ठी बदलली आहे : ‘अकीक. नवे काम. बहुधा खंभात.’