मत मागणाऱ्याला कलेविषयी काय विचारावे?

निवडणूक जवळ आली की आमच्या जेऊरच्या पारावर आणि रेल्वे स्थानकाच्या बाकांवर चर्चा रंगते ती उजनीच्या पाण्याची, उसाच्या दराची, विजेची आणि रस्त्यांची. ती रंगावी हे योग्यच आहे. पोटाचा प्रश्न आधी. परंतु नाट्य, संगीत, साहित्य आणि लोककला यांसाठी सार्वजनिक तिजोरीतून खर्च व्हावा की नाही, व्हावा तर कोणाच्या निर्णयाने, याविषयी मत मागायला आलेल्या उमेदवाराची भूमिका काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले असते : ‘सांस्कृतिक भवन बांधून देऊ.’

या उत्तराचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आमदार वा खासदार यांच्या स्थानिक विकास निधीतून प्रामुख्याने कायमस्वरूपी स्वरूपाची बांधकामे होतात. सभामंडपावर कोनशिला लावता येते. भारूड सादर करणाऱ्याच्या वर्षभराच्या चरितार्थावर ती लावता येत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर भांडवली खर्चाचे आश्वासन सोपे असते, आवर्ती खर्चाचे कठीण. इमारत उभी राहते. पण तिचे वीजबिल, देखभाल आणि तेथे कला सादर करणाऱ्याची बिदागी यांची तरतूद नसेल, तर काही वर्षांत ते भवन धान्याच्या पोत्यांचे गोदाम होते.

उमेदवारांच्या भूमिकांची तुलना करताना ढोबळमानाने तीन विचारधारा दिसतात. पहिली म्हणते, कलेचे पालकत्व शासनाचेच. या विचाराला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासूनची. राज्यस्थापनेच्या वर्षीच, १९६० मध्ये, यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. वृद्ध साहित्यिक व कलावंतांच्या मासिक मानधनाची योजनाही १९५४-५५ पासून चालत आली आहे. तिच्यात पूर्वी श्रेणीनुसार ३१५०, २७०० आणि २२५० रुपये मिळत. २०२४ मध्ये श्रेणीभेद सोडून सरसकट ५००० रुपये करण्यात आले. शंभर कलावंतांचे वर्षाचे मानधन या हिशेबाने साठ लाख रुपये होते. भवनाचा खर्च सांगणाऱ्या उमेदवारासमोर हा आकडाही ठेवावा.

दुसरी विचारधारा म्हणते, शासनाने कलेत पडू नये. समाजाने आपली कला सांभाळावी. आपल्या समाजाला ही भूमिका परकी नाही. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत शास्त्रदानाला श्रावकाने नेहमीच मानाचे स्थान दिले. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ मध्ये जैन संस्कृती संरक्षक संघाच्या स्थापनेसाठी तीस हजार रुपये दिले आणि पुढे १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची आपली सारी संपत्ती त्या कार्यास अर्पण केली. त्यातून उभ्या राहिलेल्या जीवराज जैन ग्रंथमालेने ‘तिलोयपण्णत्ती’सारखे प्राचीन ग्रंथ डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली प्रकाशात आणले. दात्याने धन दिले आणि संपादन विद्वानांच्या हाती सोपविले, हे येथे विशेष लक्षात घ्यावे.

तथापि दाता नेहमी लाभेलच असे नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तले आणि तो आश्रय संपला. मंडळी घेऊन भाव्यांना गावोगाव फिरावे लागले. त्यातूनच तिकीट लावून नाटक करण्याची प्रथा रुजली, हे खरे. परंतु प्रत्येक कलाप्रकाराला तिकीटबारी तारत नाही. कीर्तन, शाहिरी आणि वासुदेव यांना तिकीट कोठे लावणार?

तिसरी भूमिका या दोहोंमधली : पैसा शासनाचा, निवड मात्र जाणकारांच्या स्वायत्त समितीची. ब्रिटनमध्ये १९४६ साली स्थापन झालेली आर्ट्स कौन्सिल याच तत्त्वावर उभारली गेली. आपल्याकडे अशी मंडळे आहेत. प्रश्न आहे तो त्यांचा निर्णय पाळला जाण्याचा. कोबाड गांधी यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये काही दिवसांतच रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. निषेध म्हणून काही साहित्यिकांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. त्या पुस्तकाच्या आशयाविषयी तीव्र मतभेद होते आणि असू शकतात. परंतु नेमलेल्या परीक्षकांचा निकाल मान्य नसेल तेव्हा सत्ताधाऱ्याने काय करावे, हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला विचारता येतो. याच्या शेजारी १९७५ चे कऱ्हाडचे साहित्य संमेलन आठवावे. स्वागताध्यक्ष होते तेव्हाचे केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण; आणि अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी त्याच संमेलनात आणीबाणीविरुद्ध परखड आवाज उठविला.

आपल्या परंपरेतही अनेकांतदृष्टी हेच शिकविते की दुसऱ्याच्या म्हणण्याला जागा ठेवावी. दान दिल्यावर त्यावरचा ममत्वभाव सोडावा, हाही आपल्याला मिळालेला संस्कार. करदात्यांच्या पैशाने दिलेले अनुदान तर देणाऱ्या मंत्र्याचे स्वतःचे दानही नसते. त्यावर आपली मर्जी चालवण्याचा त्याला कितीसा अधिकार?

म्हणून, सुज्ञ वाचकहो, यापुढे जिल्हा परिषदेचा असो वा विधानसभेचा, उमेदवार दारी आला की त्याला तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. भवन बांधाल, पण ते चालविण्याचा दरवर्षीचा खर्च कोठून येईल? आपल्या तालुक्यातील वृद्ध कलावंताचा मानधनाचा अर्ज किती दिवसांत निकाली निघेल? आणि निवड समितीत कलेचे जाणकार किती असतील, कार्यकर्ते किती? घोषित रक्कम, मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खात्यात जमा झालेली रक्कम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बँकेत आयुष्य घालविलेल्या मला पुरते ठाऊक आहे. उत्तरे वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. पाच वर्षांनी तोच उमेदवार पुन्हा येईल, तेव्हा ती वही उघडता येईल.