एचआयव्हीचा रिपोर्ट वाचताना

रिपोर्ट हाती आला की घरातली माणसे दोन आकड्यांपाशी अडतात. पहिला सीडी-४. या शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी. हा आकडा २०० च्या खाली गेला की क्षय, न्यूमोनियासारखे आजार गाठतात. म्हणून तो वाढलेला बरा. दुसरा व्हायरल लोड, म्हणजे एक मिलिलिटर रक्तात विषाणू किती. हा कमी झालेला बरा.

विषाणूची वाढ रोखणारी औषधे म्हणजे एआरटी. सरकारी एआरटी केंद्रांत ती २००४ पासून मोफत मिळू लागली. पुढे रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ आले की काहींना वाटते, आजार गेला. तसे नाही. विषाणू चाचणीत सापडत नाही, पण पेशींत दडलेला असतो. गोळी सुटली की पुन्हा वाढतो. गोळी नियमित चालू राहून तो असाच दबलेला राहिला, तर मात्र पती-पत्नीच्या संबंधातून लागण होत नाही.

रमजानमध्येही गोळी सोडू नका. सहेरीला घ्यायची की इफ्तारनंतर, हे डॉक्टरांना आधीच विचारा. आजाऱ्याला रोजा नंतर ठेवण्याची सवलत कुरआननेच दिली आहे.

आणि दस्तरखानावर त्याची जागा वेगळी करू नका. एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही.